टोपाखालचं घड्याळ

बोर्डी, ३ ऑक्टोबर २०२५

रुचिका,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे विसरून झालेलं नाही.

पाकीट बघून हसशील. हस. माझा नंबर तू ब्लॉक केलास, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आणि कशासाठी केलास, तर मी मेसेज पाठवले म्हणून. पाठवले. ढीगभर पाठवले. तुझा शोधनिबंध छापून आला, त्याच्या शेवटी आभारात एक ओळ: 'झरी केंद्राच्या देखभालीबद्दल मयुरा यांचे आभार.' मयुरा कोण? आपल्या वर्गात एक मयुरा होती, ती हल्ली वापीला साड्यांचं दुकान चालवते. तिचे मानलेस का? भूकंपांची माळ सुरू झाल्यापासून झरीच्या भूकंपमापक यंत्राची बॅटरी मी बदलतेय, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी जोडतेय, डहाणूच्या ऑफिसात बसून लाटा मी टिपतेय. नाव छापलं ते साड्यांच्या दुकानाचं.

असो. मी भांडायला लिहीत नाहीये. (आहे. पण तेवढ्यासाठीच नाही.)

काल दसरा होता. आईने आपट्याची पानं देवापुढे ठेवली आणि दोन पानं बाजूला काढली. म्हटलं, ही कोणाची? म्हणाली, "रुचिकाची. येईल तेव्हा देईन." चिकूसुद्धा पेंढ्यात घालून ठेवलेत तुझ्यासाठी, मोठे मोठे निवडून. मला वाडीत पडलेले खायला सांगते. पेपरात आलेला तुझा फोटो तिने देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय, बातमीसकट: 'झरीच्या कन्येने वाचले भूगर्भाचे अंतरंग.' माझं एम.एस्सी.चं सर्टिफिकेट ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्यांत.

आणि कहर म्हणजे बातमीत काय लिहिलंय ते तिला मीच समजावून द्यायचं. "रुचिकाने नेमकं काय शोधलं गो?" सांगितलं. म्हटलं, आई, भूकंप झाला की जमिनीतून दोन लाटा निघतात. पहिली पी, ती ढकलत ढकलत येते, भरभर. मागून एस, ती हलवत येते, सावकाश. खडक घट्ट असला की लाटा लवकर पोचतात, भेगाळलेला असला की उशिरा. कुठल्या ठिकाणी किती उशीर झाला त्यावरून खाली काय आहे ते न खणता कळतं. रुचिकाने झरीला पोचणाऱ्या पी लाटा मोजल्या, त्या उशिरा येतायत. म्हणजे झरीखालचा खडक फुटका आहे.

आईने विचार केला आणि म्हणाली, "मग तिथे मुलींचं वसतिगृह कसं बांधणार?"

बघ, तिला एका वाक्यात कळलं. नाही बांधणार. शाळेसकट वसतिगृहाचं जोतं घालून झालंय, आणि आता तुझ्या एका नकाशावरून ते तलासरीला हलवायचं चाललंय. सतरा तारखेला तलासरीत सभा आहे, तिथे तू पडद्यावर नकाशातला झरीवरचा लाल डाग दाखवणार आणि साहेब लोक मान हलवणार. झरीत काय बोलतात ते कानावर आलंय का तुझ्या? "शिकून आली नि आमचंच वसतिगृह नेलं." मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

तू आठ तारखेला हैदराबादहून पुण्याला तुझ्या गाइड सरांकडे निघणार, तिथून थेट सभेच्या आदल्या दिवशी झरीला घरी येणार, हेही आईकडून कळलं. दर रविवारी तिला फोन करतेस ना! तिचा नंबर बरा चालू आहे.

मयूरी
(शेवटी ई.)


डहाणू, ७ ऑक्टोबर

रुचिका,

हे पत्र मी साध्या टपालाने टाकणार आहे. हैदराबादला पोचेल तेव्हा तू पुण्यात असशील. ते तुझ्या दारात पडून राहील, आणि तू परत जाऊन उघडशील तेव्हा सतरा तारीख होऊन गेलेली असेल. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

काल मी झरीला गेले. पावसाळ्यात एकदाही गेले नव्हते. ऑफिसात सांगितलं होतं की रस्ता खराब आहे. रस्ता खराब होताच, पण दरवर्षी असतो. यंत्र तुमच्या घरामागे, आणि घरीदारी तुझंच कौतुक ऐकून ऐकून यंदा तुझ्या अंगणात पाय ठेवायची इच्छा नव्हती. सिमकार्डावरून डेटा येत होता, यंत्र चालू दिसत होतं, मग कशाला जा?

काल बॅटरी बदलायची म्हणून गेले. घरी कोणी नव्हतं, तुझी आई, माझी नवशीमावशी, तलासरीच्या बाजाराला गेली होती. मी मागच्या बाजूला वळले आणि जागच्या जागी थांबले.

जीपीएसची अँटेना आठवते? हातभर पाइपावर बसवलेली, पांढऱ्या वाटीएवढी. तिच्यावर अल्युमिनियमचा टोप पालथा घातलेला होता. भाताचा, बुडाला काळा. वाऱ्याने उडू नये म्हणून तारेने बांधलेला. टोपाच्या कडेला शेवाळ धरलं होतं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीपासूनचा.

तुला पुढचं सांगायला नको, पण सांगते, कारण मजा येतेय. अँटेनेला आकाश दिसलं नाही तर यंत्राला खरी वेळ मिळत नाही. मग आतलं घड्याळ आपल्या मर्जीने चालतं. झरीचं पुढे पळालं. फार नाही, सेकंदाचा लहानसा तुकडा. पण आपल्या धंद्यात तेवढ्याने डोंगर फुटतो. लाट वेळेवर आली, घड्याळ म्हणालं उशिरा आली. तुझा अख्खा लाल डाग यंदाच्या पावसाळ्याच्या सुरुवातीच्या भूकंपांवरून काढलेला आहे. खडक फुटका नाहीये, रुचिका. तुझ्या आईचा टोप आहे तो!

मी तिथेच दगडावर बसून हसले. शेजारची रूपी कुडावरून बघत होती. विचारलं, "काय झाला गं?" मी म्हटलं, काही नाही.

यंत्राच्या नोंदीत घड्याळाचाही एक रकाना असतो. तू बघितला नाहीस. मीही नाही, पण मला पेपरवाल्यांनी फोटो काढायला उभं केलं नव्हतं.

खरं सांगू, मला हसू तुझ्या चुकीचं आलं, पण घरी येताना बसमध्ये पोटात दुखायला लागलं ते टोपावरून. लेकीचं यंत्र पावसात भिजू नये म्हणून माउलीने घरातला टोप काढून दिला. चार महिने तिने भात कशात शिजवला असेल? मी तेच यंत्र इतकी वर्षं सांभाळतेय, पण माझ्या आईने कधी "मयूरी, छत्री घेतलीस का?" एवढंसुद्धा विचारलेलं नाही. ती विचारते, "रुचिकाचं यंत्र बरं आहे ना?" तुझ्यासाठी दोन आया, मला अर्धी.

टोप तसाच ठेवलाय. मुद्दाम. सभेत मी उभी राहणार आहे. फक्त एक प्रश्न विचारणार: "मॅडम, झरीचं घड्याळ बघितलंत का?"

मयूरी


बोर्डी, १२ ऑक्टोबर, रविवार

रुचिका,

हेही साध्या टपालाने.

नुसता प्रश्न विचारून भागणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. कोणी म्हणेल, घड्याळ चुकलं म्हणजे खडक घट्टच आहे कशावरून? म्हणून आठवडाभर मी ऑफिस सुटल्यावर थांबून एस लाटा टिपल्या. झरीच्या, पावसाळ्यातल्या, हाताने. तू एस घेतल्याच नव्हत्यास. निबंधात लिहिलंयस, 'झरी येथील एस लाटांची सुरुवात धूसर असल्याने वगळल्या आहेत.' धूसर तुझ्या संगणकाला. मला दिसतात. नारळाच्या झापांत लपलेला सरडा आईला दिसतो ना, तशा. इतकी वर्षं झरीची लाट बघितल्यावर तिची चाल ओळखू येते.

आणि पी-एसमधल्या अंतराला खऱ्या वेळेची गरज नाही. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी कुकरच्या दोन शिट्यांमधलं अंतर चुकत नाही. खडक फुटका असता तर एस जास्तच रेंगाळून ते अंतर वाढलं असतं. ते मी मोजलं. भूकंप किती लांब झाला ते हिशेबात धरलं की झरीचं अंतर आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांशी तंतोतंत जुळतं. खडक आपल्या इतर खडकासारखाच आहे, काळा, घट्ट. हादरे बसतील, ते सगळीकडेच बसतायत, पण जोतं चुकीच्या जागी नाही.

इतका आनंद मला एम.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता. आणि तो कोणाला तरी सांगायलाच हवा होता, म्हणून आज सकाळी आईला सांगितला.

ती नारळ सोलत होती. कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "मग तिला कळव."

म्हटलं, सभेत कळेलच.

"चार लोकांत? तिच्या आईच्या देखत?"

म्हटलं, तिने चार लोकांत हार घालून घेतले तेव्हा माझी आई नव्हती का बघत?

तेवढ्यात तुझा रविवारचा फोन आला. आईने नेहमीसारखं "जेवलीस का गो?" विचारलं आणि फोन माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर तुझं नाव. मी हात मागे घेतला आणि वाडीत निघून गेले. झाडाखाली उभी राहून ऐकत होते, आई सांगते की नाही. नाही सांगितलं. फोन ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "मी सांगणार नाही. हे तुझ्या तोंडून गेलं पाहिजे." आणि परत नारळ सोलायला बसली. दुपारी मला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

बघ ना, चूक तुझी, पकडली मी, आणि घरात अबोला माझ्याशी.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तो रविवार मला आठवतो. बोर्डीच्या शाळेच्या वसतिगृहातून चार मुली आल्या होत्या, तीन घरी गेल्या, तू राहिलीस, कारण झरीची बस चुकली होती. आईने आपल्या दोघींना पायरीवर बसवून तेल लावलं. आधी तुला. मी रडले तर म्हणाली, "तिची आई लांब आहे." मग दर रविवारी तेच. तू आधी, मी नंतर. तुझ्या वेण्या झाल्यावर तिच्या हातावर जेवढं तेल उरायचं तेवढं माझं.

झरीला तेव्हा असं शाळेसकट वसतिगृह असतं तर तू बोर्डीला आलीच नसतीस. तुझी आई तुला तेल लावत बसली असती, आणि माझी मला. हा विचार आज मला वाडीत उभी असताना आला. इतका सोपा विचार, आणि इतकी वर्षं सुचला नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीवर मी जन्मभर जळले ती व्हायचं कारण हेच, झरीला वसतिगृह नव्हतं. आणि आता होतंय, तर तुझ्या नकाशाने ते जातंय, आणि ते वाचवायचा आकडा माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहे.

तरी मी उद्या तुला मेल करणार नाहीये. सतराला सभेतच सांगणार. वसतिगृह तसंही वाचेल, काय फरक पडतो? फरक एवढाच की एक दिवस टाळ्या मला मिळतील. एक दिवस! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मला एकदा इथेच विकून बघायचंय.

बुधवारी परत झरीला जाऊन टोपाचा फोटो काढणार आहे. पडद्यावर दाखवायला.

म.


झरी, १६ ऑक्टोबर

रुचिका,

हे पत्र टपालाने नाही. तुझ्या आईच्या हातात देऊन जातेय. आज संध्याकाळी तू येशील तेव्हा ती देईल. आधीची दोन हैदराबादला तुझी वाट बघत असतील. न वाचता फाडून टाक. नाही, वाच. नाहीतर हे कळणार नाही.

काल सकाळी इथे आले. मोबाइल काढला, टोपावर धरला, तेवढ्यात नवशीमावशी विळा घेऊन शेतातून आली. मला बघून तिचं तोंड असं फुललं की मी मोबाइल मागे लपवला.

"आलीस? चार म्हयनं झालं! मला वाटलं, आमच्यावर रागावली का काय?"

मी म्हटलं, रस्ता खराब होता. तिच्याशी मला खोटं बोलायला जमत नाही, तरी बोलले.

मला पडवीत बसवलं, कोरा चहा दिला, आणि मग मी विचारलं, मावशी, तो टोप कोणी घातला?

"मीच. जून लागला, पानी धरला, नि तू काय आली नाय. म्हटला, मयूरीची मशीन भिजंल. बिघाडली तं तिचा सायब तिला बोलंल."

मी म्हटलं, मावशी, ती मशीन रुचिकाची.

तर ती हसायला लागली. "रुचिकाची कशी? रुचिका एकदा लावून गेली हैदराबादला. तू येतंस. तू पुसतंस, तू बॅटरी बदलतंस, उन्हात बसून वायरी जोडतंस. तुजीच ती."

ती तिच्या नादात बोलत होती. म्हणाली, "रुचिका तुमच्याकडं मोठी झाली. तुजे आयेनं तिला तेल लावला, खाऊ घातला. मना वाटायचा, माजे घरात कोन येल? मग तू येया लागली."

मी उठून मागे गेले. तार गंजली होती, सोडायला वेळ लागला. टोप काढून घासला आणि तिला परत दिला. सांगितलं, मावशी, हिला पाऊस लागला तरी चालतो, आकाश दिसलं पाहिजे. "आसं होय!" म्हणाली. "मंग पैले सांगायचा ना." टोपाने काय केलं ते मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, कधीच. सभेत कोणी विचारलं तर म्हण, अँटेना झाकली गेली होती. ते खरंच आहे, आणि तेवढं पुरे. फोटो मी काढला नाही.

डहाणूला पोचल्या पोचल्या तुझ्या ऑफिसच्या मेलवर सगळ्या एस लाटा पाठवल्या. फाइलवर माझं नाव ठळक अक्षरात आहे, स्पेलिंग नीट बघून घे. तुझं पहिलं उत्तर आलं: 'मिळालं.' इतका राग आला की लॅपटॉप बंद केला. आज सकाळी दुसरं आलं: 'रात्रभर बसून पुन्हा काढलं. डाग गेला. झरीखालचा खडक बाकीच्यांसारखाच आहे. उद्या मी स्वतः सांगते, चूक माझी आणि पकडली मयूरीने. वसतिगृह जिथे आहे तिथेच व्हावं असं लिहून देते. पण अँटेना झाकली कशाने?'

मेल सर वाचतात, ऑफिसातले सगळे वाचतात, म्हणून तिथे लिहिलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज अर्धा दिवस रजा टाकून आले. उत्तर हे: भाताच्या टोपाने.

नवशीमावशी आता माझ्यासमोर बसून पानात तांदळाची भाकर बांधतेय, मला न्यायला. मी लिहितेय ते तिला वाचता येत नाही, तरी वाकून वाकून बघतेय आणि विचारतेय, "काय लिहितंस येवढा?" म्हटलं, तुझ्याबद्दल तक्रार लिहितेय. खूश झाली.

उद्या मी सभेला येईन, पण मागे बसेन. हात वर करणार नाही. माझं नाव नीट उच्चार. आणि आईने तुझ्यासाठी चिकू दिलेत, पिशवीत आहेत. मोठे मोठे. वाटेत एक मी खाल्ला, कळू दे.

मी बदलले वगैरे समजू नकोस. टाळ्या तुलाच पडतील, चूक कबूल करणाऱ्यांना लोक जास्तच वाजवतात, आणि मला ते बघवणार नाही. माझ्या आईच्या हातावरचं तेल अजूनही आधी तुझंच आहे. पण एक गोष्ट आता मला माहीत आहे, आणि ती तू निबंधात कुठेच छापू शकणार नाहीस. या घरात पाऊस सुरू झाला तेव्हा तुझ्या आईने चुलीवरचा टोप उतरवला आणि जाऊन एक यंत्र झाकलं. ते माझं समजून.

आता थोडी तू जळ.

मयूरी